उजवी रिकीब

६ फेब्रुवारी

वहिनी,

फोनच करणार होते, पण फोनवर आपलं दोन मिनिटांत वाजतं आणि मग तुझी लेक दिवसभर माझ्याशी तोंड फुगवून बसते. तिच्याच घरी राहायचं, तिच्याच हातचं जेवायचं, त्यामुळे तिच्या आईशी भांडायची चोरी. म्हणून पत्र. पत्रात निदान मधे तोंड घालता येत नाही.

ऑपरेशन झालं. उजवा खुबा काढून नवा बसवला. डॉक्टर म्हणतात, हाडात मस्त रुतलाय. वॉकर घेऊन स्वयंपाकघर ते गॅलरी अशा फेऱ्या मारते. शेजारीण दार उघडून विचारते, "काय आजी, झाल्या का फेऱ्या?" आजी! तिच्या कानाखाली काढली असती, पण वॉकर सोडता येत नाही.

आता कामाचं. डॉक्टरांना विचारलं, घोड्यावर कधी बसू? ते हसले. मी हसले नाही तेव्हा खुर्चीत सरळ बसले. म्हणाले, सहा महिन्यांनी बघू, तेही ओळखीचं, शांत जनावर असेल तर. पडायचं मात्र नाही. पडलात तर नव्या खुब्याभोवतीचं हाड फुटेल आणि मग चालणंही गेलं. आणि एक, उजवा पाय मागून फिरवून पलीकडे टाकायचा नाही. म्हणजे मला उजव्या बाजूनं चढावं लागणार. उंच ठोकळ्यावर उभं राहायचं, उजवा पाय रिकिबीत आणि धडधाकट डावा पाय पलीकडे.

सगळं जग घोड्यावर डावीकडून चढतं. पागेच्या ऑफिसात तीस वर्षं बसून एवढं तरी तुझ्या कानावर पडलं असेल. आमच्या घोडीला, म्हणजे बाईसाहेबांना, उजवीकडून कुणी नुसतं खोगिराला हात लावला तरी त्या बाजूला सरकतात. सरकल्या की मी खाली. तेव्हा मोतद्दार काकाला सांग, घोडीला उजवी बाजू शिकव. आधी उजवीकडून नुसतं चालव, मग रिकीब हातानं दाब, मग वजन टाक, मग बस. रोज. एक दिवस चुकला तर मागचे चार दिवस पाण्यात.

वर्षभर दुखण्यानं मला तिच्यावर बसू दिलं नाही आणि मी दुसऱ्या कुणाला बसू दिलं नाही. मला पुन्हा तिच्यावर बसायचंय, वहिनी. बाकी कुणाकडून काही नको.

तुझी नणंद

---

१९ फेब्रुवारी

ती. वन्संना नमस्कार,

पत्र काकांना वाचून दाखवलं. त्यांनी मान डोलावली, चष्मा पुसला आणि लगेच ठोकळा ओढून घोडीच्या उजवीकडे लावला. पुढचं सांगू की नको असं झालंय. सांगते.

पन्नास वर्षांची सवय. उजवीकडे उभे राहिले तरी त्यांचा डावाच पाय उठला. डावा पाय रिकिबीत, उजवा पलीकडे, आणि बसले ते थेट शेपटीकडे तोंड करून. घोडी बिचारी मान वळवून बघत राहिली. मुलांच्या क्लासचे मास्तर हसले, तर काका म्हणाले, तुम्ही या. मास्तर आले. त्यांनी पाय बरोबर घातला, पण अंग काही वळेना. खोगिरावर आडवे पडले, ओला टॉवेल वाळत घालावा तसे. तेवढ्यात घोडी दोन पावलं सरकली आणि मास्तर मातीत.

ज्यांना येतं त्यांनाच ते जमत नाही, असं दिसतंय. काका म्हणतात, "माझे पाय माझं ऐकत नाहीत, वहिनीबाई." मी बघते काय करायचं ते. तुम्ही काळजी करू नका, खुबा सांभाळा. लेकीला सांगा, आईनं विचारलंय.

तुमची वहिनी

---

२ मार्च

वहिनी,

काका शेपटीकडे तोंड करून! इतकी हसले की टाका उसवतो की काय वाटलं. ही फिजिओथेरपीची पोरगी म्हणाली, हसायला हरकत नाही, पण पाय सरळ ठेवा. हिला सगळ्यातून पायच दिसतात.

पण हसण्यावारी नेऊ नका. काकाला म्हणावं, आधी पाय बदलून जमिनीवर सराव कर, मग घोडीवर. आणि वाटेल त्याला चढवू नका म्हणजे झालं. ती हिसके देत हात चालवणारी क्लासची मंडळी तिच्यावर नकोत. तिचं तोंड मऊ आहे. लगाम ओढावा लागत नाही तिला, मी नुसता श्वास सोडला तरी थांबते. ते घालवलंत तर मी तुम्हाला सोडणार नाही.

वॉकर गेला, काठी आली. तीसुद्धा जाईल. पलंगावर गादीची गुंडाळी करून तिच्यावर पाय टाकून बसून बघितलं. तुझी लेक दारात उभी. म्हणाली, "आत्या, हे काय?" म्हटलं, तुझ्या कामाचं नाही, दार लाव.

तुझी नणंद

---

३० मार्च

ती. वन्संना नमस्कार,

तुम्ही सांगितलंत तसंच सगळं चालू आहे. पहिले आठ-दहा दिवस घोडीला नुसतं उजवीकडून हिंडवलं. मग रिकीब दाबली, मग ठोकळ्यावरून पोट टेकवून वजन टाकलं. आता रोज सकाळी, क्लास सुरू व्हायच्या आधी, उजवीकडून चढलं जातं. पहिल्यांदा तिनं कान मागे टाकले. आता ठोकळ्याशी स्वतःच येऊन उभी राहते.

रिंगणात हळू चालवलं जातं. परवा पलीकडच्या कुंपणापर्यंत गेल्यावर तिनं मान खाली सोडली आणि नाकानं मोठ्ठं फुरफुरली. हे चांगलं की वाईट ते कळवा. इथे कुणाला विचारायचं नाहीये.

तुमची वहिनी

---

१२ एप्रिल

वहिनी,

चांगलं! अगं, याहून चांगलं काही नसतं. घोडं मान सोडून फुरफुरतं ते वरच्या माणसावर विश्वास बसला की. माझ्याबरोबर तिनं हे करायला दोन महिने लावले होते.

काकाचे हात एवढे हलके असतील असं मला कधी वाटलं नव्हतं. इतकी वर्षं पागेत राहून लपवून ठेवलंन बघ. त्याला माझा निरोप दे, अगदी याच शब्दांत: तुझा हात सोन्याचा आहे. मी जन्मात कुणाला असं म्हटलेलं नाही, दादालासुद्धा नाही, आणि दादा तर बक्षिसं मिळवायचा. आता जरा दुडकी चालू कर म्हणावं. पाठ ताठ नको, कंबर सैल.

मी आता काठी न घेता कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाते. फिजिओची पोरगी म्हणते, वयाच्या मानानं फार छान. तिला माझं वय काढल्याशिवाय कौतुक करता येत नाही.

तुझी नणंद

---

२० एप्रिल

ती. वन्संना नमस्कार,

निरोप पोचला. ज्याला पोचायचा त्याला पोचला. त्या दिवशी दुसरं काही काम सुचलं नाही.

दुडकी सुरू केली आहे. पहिल्या दिवशी जीभ चावली गेली. कंबर सैल ठेवली की बसतं, हे खरं.

तुमची वहिनी

---

९ मे

वहिनी,

तुझी लेक भोळी आहे, तुझ्यावर गेलेली नाही. काल चहा पिताना मोबाइल पुढे केला. "आत्या, आईचा फोटो बघितलास? काय मस्त दिसते ना?" तिला वाटलं, मला माहीत आहे.

माझ्या घोडीवर तू. माझं हेल्मेट डोक्यावर. माझ्या खोगिरात. आणि चेहऱ्यावर काय ते हसू! दादाच्या लग्नातसुद्धा तू एवढी हसली नव्हतीस.

तीन महिने मला उल्लू बनवलंस. "चढलं जातं", "चालवलं जातं". कोण चढतं, कोण चालवतं, याचा पत्ता नाही. मला वाटलं, वहिनी जरा पुस्तकी लिहिते. मी इथे पलंगावर पडून काकाचं कौतुक करतेय आणि तू तिथे ते गिळतेस. अगं, जिला लगाम कुठल्या हातात धरायचा ते माहीत नाही, जी पावत्या फाडायच्या पलीकडे पागेत कधी आली नाही, तिला मी जिवापाड जपलेली घोडी द्यायची? पोतं टाकलं तरी ते एका जागी पडून राहतं, गचके तरी देत नाही.

मी तुला घोडी तयार करून मागितली होती. तुला घोडी दिली नव्हती. आणि तो निरोप मी परत घेते. तो काकाला होता.

---

१७ मे

वन्सं,

पोतं. म्हटलं, हा शब्द अजून कसा आला नाही.

मी या घरात आले त्याला महिना झाला नव्हता. तुम्ही मला रिंगणात नेलंत, वीस-पंचवीस लोक कुंपणाला टेकून उभे होते, आणि मला घोड्यावर चढवून घोडा सोडलात. मी एका बाजूला घसरत गेले, साडीसकट लोंबकळले, आणि तुम्ही ओरडलात, "दादा, तुझं पोतं उतरवून घे!" सगळे हसले. हेही हसले. ते गेले तोपर्यंत मला त्याच नावानं चिडवत होते, प्रेमानं. मी त्यानंतर रिंगणात पाय ठेवला नाही. ऑफिसात बसले. तुम्हाला वाटलं मला आवड नाही. तुम्ही कधी विचारलंत?

काकांना जमेना म्हणून त्यांनी सोडलं, मास्तर पडले म्हणून त्यांनीही सोडलं. तुमची घोडी तशीच उभी राहिली असती आणि तुम्ही सहा महिन्यांनी येऊन डोकं आपटलं असतं. मला डावी-उजवी काहीच येत नव्हतं, म्हणून उजवी आली. पहिल्या दिवशी ठोकळ्यावर चढून मी दोनदा तशीच खाली उतरले. छपन्नाव्या वर्षी. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही "नको" म्हणाला असतात, मग ना तुम्ही बसला असतात, ना मी.

हेल्मेट तुमचं घेतलं ते चुकलं. नवीन आणलं आहे.

तो निरोप मात्र परत येणार नाही. तुमच्या अक्षरात लिहिलेला आहे. घोडीला माझं नाव माहीत नाही, ती हातावरून बोलते. आणि हात हलका आहे हे तिच्याकडूनच तुम्हाला कळलं होतं.

वहिनी

---

२८ जुलै

वहिनी,

एक्स-रे काढला, खुबा पक्का आहे. डॉक्टरांनी सही दिली. त्याच घोडीवर, चालीनं, ठोकळ्यावरून, असं लिहून दिलंय.

रविवारी सकाळी येते. तुझी लेक गाडीनं सोडेल. घोडी खोगीर घालून तयार ठेवायची. काका लगाम धरेल. तू रिंगणात यायचं नाहीस.

---

६ ऑगस्ट

वन्सं,

तुम्ही सांगितलंत, मी रिंगणात आले नाही. ऑफिसच्या खिडकीतून बघत होते. एवढं चालत असावं.

तुम्ही ठोकळ्यावर चढलात, क्षणभर तशाच उभ्या राहिलात. मला वाटलं, सवयीनं डावा पाय उठतोय की काय. नाही उठला. घोडी दगडासारखी उभी राहिली. तुम्ही बसलात तेव्हा काका रडले, विचारा त्यांना. क्लासची मुलंसुद्धा टाळ्या वाजवत होती. तीन फेऱ्या झाल्या. पाठ तशीच, मान तशीच, जणू दीड वर्षात काही झालंच नव्हतं. मी मनात म्हटलं, झालं बाई, सुटले. माझ्या हातून बिघडलं नाही.

आणि मग तुम्ही उतरलात, हेल्मेट काकांच्या हातात दिलंत आणि गाडीत जाऊन बसलात. पाणीसुद्धा न घेता. मी चहा टाकला होता, तो तसाच ओतला. लेक म्हणते, घरी गेल्या गेल्या तुम्ही आतून दार लावून घेतलंत.

दुखलं का? का माझं काही चुकलं? शिवी द्यायची तर द्या, पण हे असं नको.

वहिनी

---

१५ ऑगस्ट

वहिनी,

दुखलं नाही. दुखलं असतं तर बरं झालं असतं.

ऐक. मी बसले. खुबा गपगुमान बसला. पहिली पन्नास पावलं मला जग जिंकल्यासारखं झालं. मग मी कंबरेनं सांगितलं, जरा पुढे चल. नेहमीसारखं, कुणाला दिसणार नाही इतकं. तिनं ऐकलं नाही. म्हणजे ऐकलं, पण तिला ते कुणीतरी वर जरा हललं एवढंच वाटलं. तिनं काय केलं माहीत आहे? पाऊल आणखी हळू केलं. मला सावरलं. तोल गेलेल्या माणसाला सावरतात तसं.

पलीकडच्या कुंपणाशी ती आपणहून थांबली. मी म्हटलं, चल. नाही. मान सोडली, फुरफुरली, उभी राहिली. दुसऱ्या फेरीला पुन्हा तिथेच. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तू तिथे दम खायला थांबत असणार. तू दम खातेस तोवर बाईसाहेब उभ्या राहतात. तिसऱ्या फेरीला मी काही सांगितलंच नाही. तिनं मला नेलं, थांबवलं, परत आणलं. मी घोडीवर बसले नव्हते, वहिनी. घोडी मला फिरवून आणत होती.

आणि खरं सांगू? मला बरं वाटलं. पाय सैल पडले, भीती गेली, आता ही पाडणार नाही अशी खात्री पटली. बागेतल्या बाकावर बसावं तसं बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचाच मला इतका संताप आला की तिथे आणखी एक मिनिट थांबले असते तर त्या टाळ्या वाजवणाऱ्या पोरांना चाबूक मारला असता.

माझी घोडी श्वासावर चालायची. तू तिची दाई करून ठेवलीस.

तेव्हा आता असं. आजपासून तू तिच्यावर बसायचं नाहीस. कुणीच बसायचं नाही. काका लांब दोरीवर फिरवेल. इथे व्यायाम करून एक-दोन महिन्यांत माझ्या कंबरेचा जोर परत येईल, मग मी तिथे येऊन राहीन आणि तिला पुन्हा माझी करीन. एवढं तुला ऐकावंच लागेल. घोडी माझी आहे.

नणंद

---

२६ ऑगस्ट

वन्सं,

चार कागद फाडले. हा पाचवा.

घोडी तुमची आहे, त्यात वाद नाही. उद्या गाडी पाठवा, मी स्वतः चढवून देईन. पण ती या पागेत आहे तोवर मी रोज तिच्यावर बसणार.

हट्ट म्हणून नाही, नुसता हट्ट म्हणून तरी नाही. तुम्हीच लिहिलंत, एक दिवस चुकला तर मागचे चार दिवस पाण्यात. दोन महिने उजवीकडून कुणी चढलं नाही तर ती उजवी बाजू विसरेल. काका चढत नाहीत, मास्तर चढत नाहीत. मग तुम्ही येणार, ठोकळ्यावर उभ्या राहणार आणि ती पूर्वीसारखी सरकणार. तुमची ती श्वासावर चालणारी घोडी तुम्हाला पाडेल, वन्सं. पडल्यावर काय होईल ते डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलंय आणि तुम्ही मला.

म्हणजे हिशेब असा उरतो. मी बसले तर तुम्हाला बसता येईल, पण ती मला ओळखणारी घोडी असेल. मी नाही बसले तर ती तुमची असेल, आणि तुम्हाला तिच्यावर चढता येणार नाही. यातून तिसरी वाट मला सापडली नाही. रोज शोधते. तुम्हाला सापडली तर कळवा, मी त्याच दिवशी उतरते.

पण ती सापडेपर्यंत मी उतरणार नाही. आयुष्यभर तुम्ही सांगितलंत की उतरले. पोतं म्हटलंत, ऑफिसात जाऊन बसले. रिंगणात येऊ नको म्हटलंत, खिडकीत उभी राहिले. सकाळचा तो अर्धा तास मला पहिल्यांदा कुणाची सून, कुणाची बायको, कुणाची वहिनी नसल्यासारखं वाटतं. तो मी तुम्हाला देणार नाही. तुम्ही या. मी ठोकळ्याशी उभी राहून तुमची रिकीब धरीन. चहा टाकीन. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मी बसेन.

वहिनी

---

२१ सप्टेंबर

वहिनी,

तिसरी वाट नाही. मी पण शोधली. खोटं कशाला बोलू, डॉक्टरांकडेही जाऊन आले. म्हटलं, डावीकडून चढले तर? ते म्हणाले, आजी, एवढं चांगलं झालंय ते कशाला बिघडवता. आता तेही आजी म्हणायला लागले.

मी येणार नाही. घोडीवर बसणार नाही. त्या घोडीवर नाही आणि दुसऱ्या कुठल्याच नाही. मला कुणी फिरवून आणलेलं नको. गाडी पाठवत नाही, तिला या वयात नव्या तबेल्यात कशाला हलवायचं. माझं खोगीर वापर, तिच्या पाठीला तेच बसतं. नवीन हेल्मेट बरं आहे, पण पट्टा सैल असतो तुझा, घट्ट कर.

खिडकीतून तू मला बघितलंस. मी पण तुला बघितलंय. तुझ्या लेकीच्या मोबाइलवर आता व्हिडिओ येतात, ती लपवते आणि मी मागून बघते. तुझा डावा खांदा पुढे पडतो. वळणावर जास्तच. त्यामुळे घोडीला वाटतं तुला डावीकडे जायचंय आणि ती बिचारी गोंधळते. खांदा मागे घे, हनुवटी वर, आणि वळायच्या आधी वळायचंय तिकडे नजर टाक. एवढं केलंस तर ती तुझ्याही श्वासावर चालेल. मला दोन महिने लागले होते, तुला जास्त लागतील.

रोज बस. एक दिवससुद्धा चुकवू नकोस.

आणि मला यापुढे पत्र पाठवू नकोस. ती कशी आहे, काय करते, मान सोडते की नाही, काही कळवायचं नाही. लेकीलाही सांग, व्हिडिओ इथे उघडायचे नाहीत. फोडणार नाही मी तुझं पत्र.

नणंद